उजव्या बाजूचा गोळा

२०२२ साल होतं आणि मी एकाहत्तर वर्षांचा होतो. दाखल्यावर एकोणसत्तर लिहिलं आहे, पण तो गुरुजींनी अंदाजानं भरलेला. माझा विश्वास आईच्या सांगण्यावर. ती म्हणायची, तलावाची पाळ फुटली त्या पावसाळ्यात तू झालास. पाळ फुटलेलं साल आमच्या गावात कोणी विसरत नाही, कागद मात्र वाळवी खाते.

शाळा माझी चौथीपर्यंत. त्यानंतर नांगर, मग ट्रॅक्टर, आणि शेवटी ही जुनी पांढरी चारचाकी. पोरानं नागपुरात नवी घेतली तेव्हा जुनी मला दिली. फुकट दिली म्हणूनच मला आधीपासून तिच्यावर संशय होता. चांगली वस्तू माणूस बापालाही फुकट देत नाही.

त्या वर्षी श्रावणात ती गाडी बांधीत उतरली. आमच्याकडं धानाच्या शेताला बांधी म्हणतात, चारी बाजूंनी मातीचा धुरा, मध्ये गुडघाभर चिखल. सडक अर्जुनीचा बाजार करून आम्ही दोघं परत येत होतो. बायको शेजारी, मांडीवर वांग्यांची पिशवी. तलावाच्या पाळीवरून रस्ता खाली उतरतो तिथं गाडीनं डावीकडं ओढ घेतली. मी स्टेअरिंग उजवीकडं दिलं. ते फिरलं, पण चाकापर्यंत काही पोचलं नाही. डावं चाक धुऱ्यावरून घसरलं आणि आम्ही चिखलात. वेग म्हणाल तर बैलाचा. कोणाला खरचटलं नाही, वांगी तेवढी सांडली.

पण बांधीत धानाच्या रोपांची रोवणी चालली होती. वीसेक बाया कंबरेत वाकलेल्या, सगळ्या एकदम उभ्या झाल्या. एक ओरडली, "बाबा, चिखलणी कालच झाली जी! आता कायले ट्रॅक्टर घालून राहिले?"

सगळ्या हसल्या. बायकोही चिखलात उभी राहून हसली, तेव्हा मला वाटलं चला, निभावलं. घरी आल्यावर तिनं पाय धुतले, वांगी धुतली आणि म्हणाली, "गाडी नाई जी, तुमचे हात. आता मी तुमच्या गाडीत बसत नाई."

"हातांले का झालं?"

"चहाचा कप पाहा धरून."

मी कप धरून दाखवला. बशीवर तो थोडा वाजला, ते मला कबूल आहे. पण कप हलका असतो. जड वस्तू मी आजही हलू देत नाही.

दुसऱ्या बाजाराला ती ऑटोनं गेली. तिसऱ्यालाही. ऑटो आमच्या दारासमोर थांबायचा आणि ती माझ्या गाडीला वळसा घालून त्यात चढायची. तिच्या बाजूचं पुढचं दार दोनदा ओढल्याशिवाय लागत नाही. पंधरा दिवस तो धाड-धाड आवाज मी ऐकला नाही. पोराचा फोन आला, "बाबा, विकून टाका गाडी." त्याला कोणी सांगितलं, हे मी विचारलं नाही. घरात फोन दोनच आहेत.

माझा संशय मात्र वेगळ्याच माणसावर होता.

पावसाळ्याच्या आधी पुढून खडखड येत होती म्हणून मी बायकोला सोबत घेऊन गाडी हायवेवरच्या एका गॅरेजात नेली होती. तो गॅरेजवाला बायकोच्या मायक्याच्या गावचा. तिला आत्या म्हणतो, मला मामाजी. गॅरेजात जो पाया पडतो त्याच्यावर नजर ठेवावी, असं माझं मत आहे. त्यानं गाडी वर घेतली, चाकं हलवली आणि म्हणाला, "मामाजी, दोन्ही बाजूचे गोळे गेले. दोन्ही बदलावे लागतील."

गोळा म्हणजे स्टेअरिंगचा दांडा चाकाला जिथं धरतो तिथला सांधा. खुब्यातल्या हाडासारखा, वाटीत फिरणारा. कागदावर त्याला टाय रॉड एंड लिहितात.

"दोन्ही एकदम कसे जातील?" मी म्हणालो. "बैल का दोन्ही एकदम लंगडतात?"

"मामाजी, दोघंही एकाच रस्त्यानं चालले नं."

"खडखड उजवीकडून येऊन राहिली. उजवा बदल. डाव्याले हात लावू नोको."

त्यानं एकदा बायकोकडं पाहिलं, बायकोनं माझ्याकडं पाहिलं, आणि त्यानं उजवाच बदलायला घेतला. मी चावी खिशात ठेवून एका पालथ्या टायरवर बसलो. मी चावी कोणाला देत नाही. गाडी पुढंमागं घ्यायची असली की तो मला हाक मारायचा, मी उठून चावी लावायचो, परत काढायचो, परत बसायचो. पण बायकोनं समोरच्या टपरीवर चहा सांगितला आणि तो प्यायला मी रस्त्यापलीकडं गेलो. एका चहाचा वेळ. परत आलो तर गोळा बसलेला होता, काळा, चकचकीत.

बांधीत उतरल्यापासून मला तोच चहा आठवत होता. एवढ्या वेळात जुन्याच गोळ्याला काळा रंग फासून कोणीही नवा करील. स्टेअरिंग चाकापर्यंत पोचलं नाही, कारण गोळा जुनाच होता. माझे हात ठीक होते. हे मी बायकोला सांगितलं.

तिचं तोंड उतरलं. "तो असं करणार नाई. त्याच्या बापानं माझं लग्न लावून देतानी मांडव घातला होता."

"मांडव बापानं घातला. गोळा पोरानं घातला."

"मग त्यालेच दाखवा. त्यानं पाहून ठीक आहे म्हटलं तर मी बसतो."

त्यालाच दाखवा! चोराला विचारायचं, बाबा, चोरी झाली का. मी म्हणालो, "मीच खोलतो. तुझ्यासमोर खोलतो. जुना निघाला का नवा, तूच पाहून घे."

हायवेवरची सगळी दुकानं एकमेकांना ओळखतात, म्हणून सामान आणायला मी बसनं थेट गोंदियाला गेलो. दुकानदार हिंदी बोलणारा, पान खाणारा. मी दोन्ही बाजूंचे गोळे मागितले आणि डावीकडचा खालचा आर्मही. हा आर्म चाकाला खालून पेलून धरतो आणि त्याच्या मुळाशी रबराचा बुश असतो, तो चिखलात आपटल्यावर फाटल्यासारखा दिसत होता. दुकानदारानं डबे समोर ठेवले. मी सगळ्यात वरचा डबा घेतला नाही. खालून तिसरा काढायला लावला. गोळा हातात घेऊन जोखला, कानाशी हलवला, ग्रीसचा वास घेतला. मग दुसरा उघडायला लावला. मग अजून एक.

"बाबूजी," तो म्हणाला, "लड़की देखने आए हो क्या?"

"लडकी होती तो घरच्यांना पुछता," मी म्हणालो. "इसका तो बाप भी मालूम नहीं."

तो हसला तेव्हा मला तो बरा वाटला. जाताना त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. एक, जुना गोळा दांड्यावरून काढताना किती फेऱ्यांत निघतो ते मोजून ठेवा, नवा तेवढेच फेरे चढवा, म्हणजे चाक सरळ राहतं. दोन, आर्मचा बोल्ट चाक हवेत असताना पूर्ण आवळू नका, गाडी जमिनीवर उभी करून मग आवळा, नाहीतर रबर पिळतं. मी दोन्ही ऐकून घेतल्या. दुसरी मानली, कारण बैलगाडीचं जूही मी बैल उभा राहिल्यावरच कसतो. पहिली मानली नाही. त्याचं कारण पुढं सांगतो.

चार दिवस उघडीप मिळाली. आमच्या अंगणात धान वाळवायचा सिमेंटचा ओटा आहे, त्यावर गाडी घेतली. आधी तांब्याभर पाणी ओतलं. पाणी कडुलिंबाकडं धावलं, म्हणजे त्या बाजूला उतार. जन्मभर मी बांध्यांतलं पाणी वाटलं, उतार मला डोळ्यांनी कळतो. पण आज हातांवर आक्षेप घेणारी बायको उद्या डोळ्यांवरही घेईल, म्हणून पाण्याला साक्ष ठेवलं. उताराकडच्या चाकांखाली पोत्यांच्या घड्या दिल्या. जॅक लावला, पण जॅकवर माझा भरवसा नाही; येनाच्या लाकडाचे दोन जाड ठोकळे गाडीच्या पोटाखाली सरकवले, त्यांच्यावर गाडी बसवली, धक्के देऊन पाहिली, मगच हात आत घातला.

बायको छपरीत लाखोरीची डाळ निवडत बसली होती. बसली होती म्हणजे पाहत होती.

उजवं चाक आधी काढलं, कारण चोर तिथं होता. नटाला रॉकेल पाजलं, थोडा वेळ थांबलो, नट ढिला केला पण पूर्ण काढला नाही. मग दोन हातोडे घेतले, एक मागं टेकवला आणि एकानं बाजूनं ठोकलं. तिसऱ्या ठोक्याला सांधा सुटला. गोळा दांड्यावरून फिरवून काढताना फेरे मोजायचे होते. मी मोजले नाहीत. मनात म्हणालो, ज्यानं लबाडी केली त्याचे फेरे मोजून मी काय करू? त्याची चूक मी जशीच्या तशी परत चढवू?

गोळा हातात आला. मी तो फडक्यानं पुसला आणि नखानं रंग खरवडला. रंगाखाली जुनं तांबूस गंजलेलं लोखंड निघेल म्हणून खरवडला. निघालं पांढरं, कोरं लोखंड. पाना घेऊन अजून खरवडला. कोरंच. गोळ्याचा दांडा अंगठ्यानं दाबला तर हलेना. दोन्ही अंगठ्यांनी दाबला तेव्हा जड-जड फिरला, नव्या बिजागरीसारखा. आत ग्रीस मधासारखं स्वच्छ. त्याचं रबर फाटलं होतं, पण ते माझ्या हातोड्यानं, ताजं.

गोळा नवा होता. त्यानं बदलला होता. माझा एक चहा होईपर्यंत त्यानं इमानदारीनं काम केलं होतं.

गोळा खाली ठेवला. डावीकडं गेलो. चाक दोन्ही हातांनी आडवं धरून हलवलं तर टक-टक आवाज आला, आणि तो आवाज मला छातीत ऐकू आला म्हणा. नट काढला, हातोड्याचीही गरज पडली नाही. डावा गोळा माझ्या हातात आला आणि त्यानं मान टाकली. दांडा इकडं पडायचा, तिकडं पडायचा. हाच तो गोळा, ज्याला हात लावू नको असं मी सांगितलं होतं.

"का निघालं?" छपरीतून बायकोनं विचारलं.

मी पाठमोरा होतो. उत्तर द्यायला मला फार वेळ लागला नाही, तेच मला आजही खटकतं.

"दोन्ही खराब," मी म्हणालो.

ती डाळ निवडायची थांबली. "उजवाही?"

"दोन्ही म्हटलं नं."

मी दोन्ही गोळे फडक्यात गुंडाळून धानाच्या ढोलीमागं सरकवले. ती उठून पाहायला आली नाही. माझ्या शब्दावर तिनं विश्वास ठेवला. पन्नास वर्षं संसार केला, पण तिनं पाहायला यावं असं मला त्या दिवसाइतकं कधी वाटलं नव्हतं, आणि येऊ नये असंही.

मग मी काम केलं. काम मात्र चोख केलं, त्यात कोणी बोट ठेवून दाखवावं. डावा आर्म बदलला, दोन्ही बाजूंना नवे गोळे चढवले. फेरे मोजले नव्हते म्हणून गाडी खाली उतरवल्यावर पुढची चाकं बदकाच्या पायांसारखी दोन दिशांना पाहू लागली. बायको एरवी यावर हसली असती. हसली नाही.

पण चाक सरळ करायची वाट मला ठाऊक होती. धुरा सरळ घालायची माझ्याकडं सुताची दोरी आहे, तेल पाजलेली, चाळीस वर्षांची. तिनं मी किती धुरे घातले त्याची गणती नाही. गाडीच्या दोन्ही अंगांना पुढंमागं जड दगड ठेवले आणि चाकाच्या मध्याच्या उंचीवर दोन दोऱ्या ताणून बांधल्या. गाडीच्या दोन्ही बाजूंना त्या सारख्या अंतरावर येईपर्यंत दगड सरकवले. स्टेअरिंग सरळ करून बायकोच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं सीटला बांधलं. मग काडीनं मोजलं, दोरीपासून चाकाच्या लोखंडी कडेपर्यंत पुढून किती, मागून किती. ट्रॅक्टरवाले जुने लोक सांगायचे, पुढची चाकं पुढून केसभर आत झुकलेली हवीत, म्हणजे ती रस्ता सोडत नाहीत. केसभर म्हणजे किती, याचं माझं माप धानाच्या दाण्याची जाडी. दांडा एक फेरा आत, अर्धा बाहेर, परत मोज. गाडी पुढं ढकल, मागं आण, परत मोज. दुपारपासून चार वाजेपर्यंत तेच चाललं. शेवटी दोन्ही बाजूंना पुढच्या मापात काडीच्या टोकाशी एक-एक दाणा जास्तीचा बसला. आर्मचा बोल्ट चाकं जमिनीवर असतानाच आवळला. नटांत नव्या पिना घातल्या, वाकवल्या.

एकटाच पाळीपर्यंत जाऊन आलो. जिथं गाडी ओढ घ्यायची तिथं स्टेअरिंग दोन बोटांनी धरलं. गाडी रस्त्याच्या मधोमध गेली. मी आनंदानं ओरडायला पाहिजे होतं.

परत आलो तर बायको दारात उभी होती.

"गाडीतच खोट होती म्हणता?" तिनं विचारलं.

"गाडीतच."

"तुमचे हात चांगले आहेत. मी बोलली ते चुकलं." तिनं पदर सारखा केला. "उद्या बसतो मी. सकाळी बाजार आहे."

हेच ऐकायला मी पंधरा दिवस धडपडत होतो. मग ती आत जाताजाता म्हणाली, "अन् त्याच्या पोरीच्या लग्नाले मी जात नाई. दिवाळीनंतर आहे, मले मानाचं लुगडं घेऊन येणार होता. त्याले म्हणावं, तुझी आत्या मेली."

"एवढं कायले?"

"तो आपल्याले मारून टाकत होता नं जी? माझ्या मायक्याचा माणूस! आता मी कोणत्या तोंडानं गावात जाऊ?"

तिचे आईबाप गेले, भाऊ गेला. त्या गावात तिला नावानं हाक मारणारं एक म्हातारं आणि आत्या म्हणणारा हा एक, एवढंच उरलं होतं. संध्याकाळी तिनं भात वाढला आणि माझ्या पुढ्यात बसून फोनमधला त्याचा नंबर काढून टाकायला मला सांगितलं. मला वाचता येतं, तिला येत नाही. मी फोन हातात घेतला, दोन-तीन बटणं दाबली आणि परत दिला. नंबर होता तिथंच ठेवला. म्हणजे एका दिवसात मी दुसऱ्यांदा खोटं बोललो, आणि यावेळी तोंडानंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी घेऊन अंगणात आली तेव्हा मी ढोलीमागून फडकं काढून गाडीच्या टपावर उघडलं होतं. उजवा गोळा तिच्या एका हातात दिला, डावा दुसऱ्या हातात.

"हलवून पाहा."

तिनं डावा हलवला. "हा तर तुमच्या पुढच्या दातासारखा हालते." मग उजवा. एकदा, दोनदा. मग पिशवी खाली ठेवून जोर लावून. "हा तर घट्ट आहे."

"हो."

"मग?"

"त्यानं बदललेला हा. जो घट्ट आहे तो. अन् जो हालते त्याले हात लावू नोको, असं मीच म्हटलं होतं. तू होती तिथं."

तिनं दोन्ही गोळे माझ्या तोंडावर मारले असते तरी मी बाजूला झालो नसतो. तिनं ते फडक्यात नीट गुंडाळले. "एक रात्रभर मी त्या पोराले शिव्या देत होती," ती म्हणाली. "त्याच्या बापालेही दिल्या. मेलेल्या माणसाले." मग गाडीला वळसा घालून तिनं मागचं दार उघडलं आणि मागं बसली, गठुडं मांडीवर. "बाजार नाई. आधी त्याच्याकडं चला."

पाळीवरून उतरलो, बांधी गेली, हायवे आला. गाडी रेषेत चालली. गॅरेज नुकतंच उघडलं होतं. तो हात पुसत बाहेर आला. "आत्या, इतक्या सकाळी?" त्यानं तिला मागं बसलेली पाहिलं आणि माझ्याकडं पाहिलं.

मला माफी मागता येत नाही. कोणी शिकवली नाही. मी म्हणालो, "मी गोळे बदलले. दोरीनं सरळ केली. पाहून घे." आणि खिशातून चावी काढून त्याच्या हातात दिली.

त्यानं आधी चावीकडं पाहिलं, मग परत माझ्याकडं. "मामाजी, तब्येत बरी आहे नं?"

मी रस्ता ओलांडून टपरीवर गेलो आणि गाडीकडं पाठ करून बसलो. एक चहा सांगितला. मागं जॅकची कटकट ऐकू आली, चाकं हलवल्याचा आवाज, मग गाडी सुरू झाली, हायवेवर गेली, बऱ्याच वेळानं परत आली. मी वळलो नाही. वळावंसं फार वाटलं. त्यांचं काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, बायको एकदा हसली एवढं कळलं. मग मागचं दार उघडल्याचा आवाज आला. मग पुढचं दार धाड, आणि लागलं नाही म्हणून परत एकदा धाड.

मी चहावाल्याला अजून दोन चहा सांगितले, बायकोचा बिनसाखरेचा. तिचा आणि त्याचा, दोन्ही कप दोन हातांत धरून रस्ता ओलांडला. बशा वाजत होत्या. वाजू दिल्या.